नागपूर शहर दाखवायचं तर आधी किल्ला वॉर्डात जावं का?

बडकस चौकवाला:
पाहुणे आले की आपण झिरो माईल, अजब बंगला म्हणजे संग्रहालय, सिव्हिल लाइन्स दाखवतो. म्हणजे बहुतेक इंग्रजांचं नागपूर. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या मिळून हे शहर वसवलं. महाल भागातला गोंड राजाचा किल्ला मात्र कित्येक नागपूरकरांनीही पाहिलेला नाही. आपण रोज ज्या गांधी गेटातून जातो तो बख्त बुलंदचा मुलगा चांद सुलतान याचा जुम्मा दरवाजा, अन् गांधीसागर म्हणजे त्याचाच जुम्मा तलाव. नावंसुद्धा पुसली गेली. हेरिटेज वॉक इथूनच सुरू व्हावेत असं मला मनापासून वाटतं.

किल्ल्यामागची:
भाऊ, मी तिथंच राहते. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी वीस-पंचवीस जण गल्लीत शिरले. आई ओट्यावर गहू पाखडत होती. न विचारता तिचे फोटो काढले. एकानं तर विचारलं, "तुम्ही खरंच आदिवासी का?" आई सूप उचलून आत गेली, दार लावलं. तेव्हापासून रविवारी ती ओट्यावर बसत नाही. आमचं घर म्हणजे अजब बंगला नव्हे.

इतवारीकर:
ताई, हे वाईटच झालं. पण कोणी आलंच नाही तर हा इतिहास कळायचा कसा? रघुजी भोसल्यांनी राज्य घेतल्यावरही गोंड राजाचा मान अन् तनखा ठेवला, पुढं इंग्रजांनीही तो चालू ठेवला. शाळेत मला भोसले शिकवले, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं ते शिकवलं. गोंडांवर दोन ओळी. मी चाळिशीत पहिल्यांदा किल्ल्यापाशी उभा राहिलो तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

मोहल्लेवाला:
मले विचारसान तं आधी पुस्तकात लिवा, दरवाज्यावर जुन्या नावाची पाटी लावा. लोकायच्या अंगणात जाऊन इतिहास कायले पाह्यचा?

किल्ल्यामागची:
इतवारीकर दादा, तुमची तळमळ कळते. पण मग दहाच्या वर माणसं नकोत. आधी मोहल्ल्यातल्या मोठ्यांना विचारा. सांगणारा आमच्यातला असावा, पैसेही त्यालाच मिळावेत. अन् ओट्यासमोर कॅमेरा खाली. एवढं करूनही आई हो म्हणेल असं मी आज तरी सांगू शकत नाही.