जखम आपोआप बुजली, मग आता तळहातांवर हे डाग कसले?

रजेवर आलेला (फोंडा)

नमस्कार. माझे वय 29 असून गेली पाच वर्षे मी प्रवासी बोटीवर स्टुअर्ड म्हणून काम करतो. सध्या रजेवर घरी आलो आहे आणि तुळशीचे लग्न आटोपल्यावर माझे लग्न ठरले आहे. साधारण चार महिन्यांपूर्वी एका बंदरात निरोध न वापरता माझा शरीरसंबंध आला. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी लिंगावर कडेने टणक अशी एक लहानशी जखम झाली. ती मुळीच दुखत नव्हती, म्हणून सहकाऱ्याने दिलेले मलम लावत राहिलो आणि महिनाभरात ती बुजल्यावर मलमाचा गुण आला असे समजून विषय सोडून दिला. आता आठवडाभरापासून तळहातांवर व तळपायांवर तांबूस डाग उठले आहेत. त्यांना खाज नाही. घरची मंडळी ती साबणाची ॲलर्जी मानतात.

त्या जखमेचा आणि या डागांचा काही संबंध असू शकतो का? बुजलेल्या जखमेसाठी आता तपासणी करून काही कळेल का? गावातले डॉक्टर वडिलांचे मित्र आहेत आणि आमच्याकडे कागद घरी पोचण्याआधी बातमी पोचते, म्हणून त्यांच्याकडे जाण्याचा धीर होत नाही. नियोजित वधूशी माझा संबंध आलेला नाही.

निवृत्त तंत्रज्ञ (मडगाव)

तुम्ही सांगितलेला क्रम पाहता पहिली शंका उपदंशाची येते, ज्याला आपली जुनी माणसे गरमी म्हणत आणि डॉक्टर सिफिलिस म्हणतात. रक्त तपासल्याशिवाय कोणीही याहून पुढे बोलू नये. परंतु मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत काढली आहेत, आणि ‘दुखत नव्हती, आपोआप गेली’ हे वाक्य चाचणीच्या खिडकीवर मी फार वेळा ऐकले आहे.

या रोगाचा जंतू जिथून शरीरात शिरतो तिथे 9 ते 90 दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, जखम होते आणि मलम लावा अथवा लावू नका, तीन ते सहा आठवड्यांत ती बुजते. तोवर जंतू रक्तातून सर्वत्र पसरलेला असतो, म्हणून काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते. तळहात आणि तळपाय यांवर एकाच वेळी उठणारे, न खाजणारे डाग फार थोड्या रोगांत दिसतात. मला अधिक काळजी वाटते ती पुढची: हे डागही उपचाराविना नाहीसे होतील, तुम्ही पुन्हा बोटीवर जाल, आणि रोग मुकाट राहून वर्षांनंतर महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी), मेंदू किंवा डोळे यांपैकी कशालाही धरू शकेल.

तपासणीत निश्चित कळेल. व्हीडीआरएल ही चाचणी अगदी सुरुवातीच्या दिवसांत फसवी नकारार्थी येऊ शकते, मात्र डाग उठण्याच्या अवस्थेत ती जवळजवळ नेहमीच होकारार्थी असते. इतर काही कारणांनीही ती खोटी होकारार्थी येते, म्हणून टीपीएचए करून खात्री करतात. त्याच रक्तातून एचआयव्ही आणि कावीळ ब यांचीही चाचणी करून घ्या. संबंधाला तीन महिने उलटून गेले असल्यामुळे एचआयव्हीचे उत्तर आता भरवशाचे मिळेल.

एका संबंधातून दोन रोगही येऊ शकतात, हे विसरू नये. परम्यात, म्हणजे गनोरियात, दोन ते सात दिवसांत पू आणि लघवीला जळजळ सुरू होते, तर क्लॅमिडिया बहुतेकांत काहीच लक्षण दाखवत नाही. त्यासाठी लघवीचा नमुना द्यावा लागतो. नागीण वर्गातल्या विषाणूमुळे होणारे जननेंद्रियांवरचे हर्पीसचे फोड मात्र चांगलेच झोंबतात, त्यामुळे तुमचे वर्णन त्याच्याशी जुळत नाही.

परिचारिका (बार्देश)

बातमी फुटण्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. 1989 मध्ये पर्रा येथील डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून जुन्या क्षयरोग रुग्णालयात दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवले होते, आणि ती आठवण आमच्या पिढीच्या मनातून गेलेली नाही. आता 2017 चा कायदा आहे. त्यानुसार एचआयव्हीची चाचणी तुमच्या संमतीनेच करावी लागते आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. वडिलांचे मित्र टाळायचे असतील तर खुशाल टाळा. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) त्वचा व गुप्तरोग विभागात किंवा म्हापसा, मडगाव येथील जिल्हा इस्पितळांत जा, तिथे त्वचेच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत कोण कशासाठी उभा आहे हे कोणालाही कळत नाही. जाण्यापूर्वी बोलायचे असेल तर 1097 हा राष्ट्रीय क्रमांक विनामूल्य आहे.

फार्मसीतून गोळ्या आणून घेऊ नका. आमच्याकडे औषधांच्या पेट्या रंगांनी ओळखल्या जात, स्रावासाठी करडी आणि जखमेसाठी पांढरी, आणि चुकीच्या पेटीने रोग अर्धवट दबत असे. लग्नाबद्दल इतकेच सांगते की स्त्रियांमध्ये ही जखम आत असल्यास दिसतही नाही. पुष्कळदा गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत व्हीडीआरएल केल्यावरच कळते, आणि तोपर्यंत गर्भालाही धोका पोचलेला असू शकतो. उपचार पूर्ण होऊन डाग जाईपर्यंत संबंध टाळा आणि डॉक्टर पुढे काय सांगतात त्याप्रमाणे तारीख ठरवा. ज्या व्यक्तीकडून हा रोग आला असावा तिला कळवण्याचा मार्ग असेल तर तेही करा.

जुना तारवटी (सासष्टी)

मी यातून गेलो आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का हे विचारून 24 लाख युनिटचे बेंझाथिन पेनिसिलिन दोन्ही नितंबांत विभागून दिले. त्याच रात्री हुडहुडी भरून ताप आला आणि मला वाटले की औषध अंगावर आले. वास्तविक जंतू मरत असताना पहिल्या चोवीस तासांत असे होते आणि एका दिवसात उतरते, हे आधी सांगितले असते तर माझी रात्र सुखाची गेली असती.

व्हीडीआरएलचा टायटर, म्हणजे रक्त किती पातळ केले तरी चाचणी होकारार्थी येते तो आकडा, 1:32 होता, सहा महिन्यांनी 1:4 झाला. इतका उतार म्हणजे उपचार लागू पडला. टीपीएचए मात्र बहुतेकांची जन्मभर होकारार्थी राहते. पुढल्या कराराच्या वैद्यकीय तपासणीत त्यावरून मला परत पाठवणार होते. उपचाराचा कागद आणि दोन्ही टायटर दाखवल्यावर प्रकरण मिटले. ते कागद पासपोर्टासोबत ठेवा.

अभ्यासक (पणजी)

एक लहानशी भर घालतो. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात या रोगाला फिरंगरोग म्हटले आहे, कारण तो फिरंग्यांबरोबर आला अशी समजूत होती. त्या काळी पारा आणि चोपचिनी नावाची मुळी देत. गोव्यात 1563 साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथातही चोपचिनीवर प्रकरण आहे. पाऱ्याने दात पडत, त्या मानाने तुमच्या वाट्याला एक सुई आली आहे.

रजेवर आलेला (फोंडा)

सर्वांचे आभार. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे की नाही ते आईला विचारले. लहानपणी घशासाठी ते दिले होते आणि काही झाले नव्हते. सोमवारी सकाळच्या बसने बांबोळीला जातो. एक शंका राहिली आहे: रिकाम्या पोटी जावे लागते का?

निवृत्त तंत्रज्ञ (मडगाव)

रक्तासाठी नाही, नाश्ता करून जा. लघवीचा नमुना द्यायचा असेल तर त्यापूर्वी किमान तासभर लघवी करू नका आणि पहिली धार भांड्यात घ्या.