आईला व्हीलचेअरवरून लिस्बन दाखवायचंय, जमेल का?

कारेलीबागकर

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण नोकरीसाठी लिस्बनला आहे आणि "एकदा सगळे या" असा तिचा केव्हाचा धोशा चाललाय. आई 71 ची. पक्षाघातानंतर डावा पाय नीट उचलला जात नाही. घरात वॉकर घेऊन फिरते, बाहेर पडायचं तर व्हीलचेअर. वजन 62 किलो (हे मी इथे लिहिलंय हे तिला कळता कामा नये). ढकलणारा मी एकटाच, कारण बाबांची बायपास झालीय आणि बहीण दिवसभर ऑफिसात.

यूट्यूबवर ते उभे चढ, दगडी रस्ते आणि पिवळी ट्राम बघून आईने जाहीर केलंय, "तुम्ही जाऊन या, मी राखते घर. पावागडला रोपवेतून उतरले आणि पुढच्या पायऱ्या बघून बसून राहिले, तेच होणार."

बहिणीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे हॉटेल आलंच. ते कुठल्या भागात घ्यावं? दुकानदार चार छोट्या चाकांची, नऊ किलोची, डिकीत मावणारी खुर्ची घ्या म्हणतोय. घेऊ का? आणि खरं सांगा, तिला तिथे काही बघायला मिळेल की हॉटेलच्या खिडकीशी बसवून आम्ही फिरणार? सप्टेंबरअखेर जायचा विचार आहे.

फतेहगंजचा

मी कामासाठी तिकडे राहिलोय. 28 नंबरची पिवळी ट्राम विसरा, आत चढायला उंच पायऱ्या आहेत आणि गर्दी इतकी की धडधाकट माणसालाही उभं राहता येत नाही. नदीकाठच्या बेलें भागाकडे जाणारी 15 नंबरची लांब ट्राम खालच्या फरशीची असते, पण त्याच मार्गावर कधी जुना डबाही येतो. तो सोडून पुढची धरायची. बसना मधल्या दाराशी रॅम्प असतो. मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांत लिफ्ट नाही. विमानतळावरून निघणारी लाल लाइन त्या मानाने सोयीची आहे.

फ्युनिक्युलरच्या, म्हणजे उभ्या चढावर तारेने ओढल्या जाणाऱ्या ट्रामच्या, भरवशावर राहू नका. 3 सप्टेंबर 2025 ला त्यातल्या ग्लोरिया नावाच्या एकीचा अपघात झाला, 16 माणसं गेली, त्यानंतर बाकीच्याही बंद केल्या होत्या. आणि चालू होत्या तेव्हाही जुन्या डब्यांत शिरायला पायऱ्याच होत्या.

बाकी आल्फामा, म्हणजे टेकडीवरची जुनी वस्ती, मात्र सोडू नका. दोन जवान पोरं हाताशी असली की खुर्ची कुठेही जाते.

उतारावरची

कारेलीबागकर, मी स्वतः खुर्चीतली. लहानपणीचा पोलिओ. नोकरी ड्रॉइंग ऑफिसात गेली, त्यामुळे रस्ता दिसला की मला आधी त्याचा उतार दिसतो. लिस्बन मला आमच्या ह्यांनी ढकलत दाखवलंय.

सगळे विचारतात, शहर व्हीलचेअरला चांगलं आहे का. मी विचारते, ढकलणार कोण आणि त्याचे खांदे कसे आहेत. बसणारी बसलेलीच असते. दिवस संपतो तो ढकलणारा संपला की. तुमच्याकडे ढकलणारा एकच आहे, तेव्हा बेत आईच्या तब्येतीवर नको, तुमच्या तब्येतीवर बेता.

हिशोब सोपा आहे. आई 62, खुर्ची 18 धरा, झाले 80 किलो. बाराला एक असा चढ, म्हणजे इमारतीच्या रॅम्पला असतो तेवढा, चढताना सतत साडेसहा-सात किलोचा रेटा लागतो. सहाला एक असेल तर तेरा. हे गुळगुळीत काँक्रीटवर. दगडांवर किती लागतो ते हात सांगतात. आल्फामात सहाला एकसुद्धा दयाळू म्हणायचा असे बोळ आहेत, आणि मध्येच पायऱ्या.

आणि फतेहगंजचे भाऊ, चढवायला दोन पोरं मिळतील हो, उतरवायचं काय? चढावर फार तर दम लागतो. उतारावर खुर्ची हातातून सुटते. तिथे तोंड फिरवून उलटं उतरावं लागतं, ढकलणारा खाली, खुर्ची त्याच्या छातीशी, आणि तो मागे मान वळवून गुळगुळीत दगडावर पाऊल शोधतोय. आमचे हे एकदा तसे उतरले, खाली पोचल्यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत. पोर्ताश दु सोल नावाचा सज्जा आहे, तिथे टॅक्सी थेट जाते. सपाट जागा, समोर सगळं आल्फामा आणि नदी. बघायचं ते तिथून बघा आणि टॅक्सीनेच परत या.

हॉटेल बायशा भागात घ्या, रोसिउचा चौक आणि नदी यांच्या मधे. 1 नोव्हेंबर 1755 ला भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राची लाट आली, मग आग लागली आणि खालचं शहर गेलं. मार्क्विस द पोम्बाल या तिथल्या मंत्र्याच्या अमलात तो भाग काटकोनात आखून नव्याने बांधला, सरळ रस्ते, थेट नदीपर्यंत सपाट. टेकडीवरचं आल्फामा बरंचसं वाचलं, म्हणून तिथे अजून जुन्या वाकड्या गल्ल्या आहेत. लोक जुन्या गल्ल्यांवर जीव टाकतात. खुर्चीतून बघाल तर पोम्बालचे उपकार मोठे.

पण बायशातल्या त्या इमारतीही अडीचशे वर्षांच्या. हॉटेलवाला "लिफ्ट आहे" म्हणतो ते खरं असतं, फक्त ती चार पायऱ्या चढल्यावर सुरू होते आणि तिचं दार बोटभर अरुंद निघतं. म्हणून सेंटिमीटरमध्ये विचारा. लिफ्टच्या दाराची रुंदी, बाथरूमच्या दाराची रुंदी, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, आंघोळीला टब की सपाट जागा. फोटो मागवा, फोटोत टेप धरायला सांगा. आपली खुर्ची एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत मोजा, सीट मोजू नका.

आता त्या नऊ किलोच्या खुर्चीचं. घेऊ नका. विमानतळाच्या फरशीवर ती झकास चालते. लिस्बनचे फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे, मधे काळ्या दगडाची नक्षी. पायांनी घासून घासून ते चकाकतात आणि पाऊस पडला की साबण लावल्यासारखे होतात. छोटं चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेलं माणूस पुढे जातं. मागची मोठी चाकं, पुढची निदान आठ इंची, अशीच खुर्ची न्या. पट्टा हवाच, आई नाही म्हणाल्या तरी. खराब जागी मागच्या दांड्यावर पाय देऊन पुढची चाकं चार बोटं उचलायची आणि फक्त मोठ्या चाकांवर न्यायचं. ही युक्ती आधी घरी शिका. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत बडोद्यातच न्यायमंदिरापासून मांडवीपर्यंत आईला ढकलत न्या आणि परत आणा. तुमचं मनगट काय म्हणतं ते त्या दिवशीच कळेल.

किल्ल्याच्या टेकडीवर अर्ध्यापर्यंत फुकट जाता येतं. बायशातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर एका इमारतीत 2013 पासून सार्वजनिक लिफ्ट आहे, ती वरच्या मादालेना रस्त्यावर सोडते. थोडं पुढे शांव दु लोरेइरु नावाची जुन्या बाजाराची इमारत, खाली सुपरमार्केट, तिथे दुसरी लिफ्ट. तिच्या गच्चीवरून छपरं, नदी, सगळं दिसतं. तिथे थांबा. त्याच्या वर किल्ल्यापर्यंत चढ आहे, आणि किल्ल्यातले दगड मला फुटपाथच्याही वर वाटले, म्हणजे वाईटात.

बेलें पूर्ण दिवस द्यायच्या लायकीचं आहे. नदीकाठ सपाट. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर, आणि तळमजल्यावरचा दगडी ओवऱ्यांचा चौक खुर्चीतून नीट बघता येतो. त्या कमानींवरची दोरखंडांची नक्षी बसलेल्या नजरेला जास्त भावते असं माझं मत, हे म्हणाले तुझं आपलं काहीतरी. बेलेंच्या बुरुजात मात्र अरुंद गोल जिना आहे, तो बाहेरूनच.

रांगेत उभे राहू नका. पोर्तुगालमध्ये 2016 चा कायदा आहे, अपंग, वृद्ध, गरोदर आणि तान्ह्या मुलांसोबतच्या माणसांना सरकारी-खासगी दोन्हीकडे आधी घ्यावं लागतं. आपल्याला सवय नसते, आपण संकोचून मागे उभे राहतो आणि तिथला माणूसच हाताने पुढे बोलावतो.

एक इंदूरकर

एवढा आटापिटा कशाला? ॲम्स्टरडॅमला घेऊन जा, सगळं सपाट. टेकडीवरच्या शहरात व्हीलचेअर म्हणजे पैसे देऊन मनस्ताप.

उतारावरची

इंदूरकर, लेक लिस्बनला आहे.

वाघोडिया रोड

विमानाचं मी सांगतो, सासऱ्यांना दोनदा नेलंय. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा आणि प्रकार नीट सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या नाहीत, पण विमानात सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. तुमच्या आईंचं वर्णन वाचून मधला वाटतो. एजंट सगळ्यांना पहिलाच टाकतो, मग विमान दूर उभं असलं की शिडीपाशी तमाशा.

48 तास आधी पुन्हा कळवा. परतीचं विमान कुठल्याही कंपनीचं असो, युरोपातल्या विमानतळावरून निघताना 1107/2006 हा नियम लागू होतो, मदत फुकट. लिस्बन विमानतळावर त्या सेवेला मायवे म्हणतात. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्या आणि उतरताना दारातच हवी असं लिहून घ्या. पायाच्या पट्ट्या आणि उशी काढून हातात ठेवा, खुर्चीचा चारही बाजूंनी फोटो काढा. आमची एक पट्टी गेली ती गेलीच, भरपाईसाठी त्या कंपनीने इतके फॉर्म भरायला लावले की नाद सोडला.

बॅटरीची खुर्ची घ्यायचा विचार आला तर बॅटरी किती वॉट-तासांची ते पाहा. काढता येणारी लिथियम असेल तर एकाच बॅटरीला 300 पर्यंत चालते, दोन असतील तर प्रत्येकी 160. काढलेली बॅटरी केबिनमध्येच न्यायची.

कारेलीबागकर

काय बोलू, अख्खा बेतच तयार झाला. नऊ किलोवाल्याला नाही म्हणून सांगितलं. रविवारी मांडवीला जातोय.

आईला सगळं वाचून दाखवलं. ती वास्को द गामापर्यंत गप्प होती, मग तिचे दोन प्रश्न आले. तिथे अंड्याशिवाय खायला काय मिळेल? आणि "त्या बाई साडीत गेल्या होत्या का ड्रेसमध्ये, ते विचार."

फतेहगंजचा

खाण्याची काळजी नको. मार्तिम मोनिझ भागात आपला किराणा मिळतो, आणि तो चौक सपाट जागी आहे. शहराच्या उत्तरेला राधाकृष्ण मंदिर आहे, तिथे शाकाहारी जेवणही मिळतं. दीव आणि मोझांबिककडून गेलेली गुजराती मंडळी पुष्कळ, आईंना बडोद्याची गुजराती बोलायला माणसं सापडतील. ते प्रसिद्ध नाता नावाचे टार्ट मात्र अंड्याचेच असतात.

आल्फामाचं ताईंचं म्हणणं मान्य. मी कधी उतरवलं नव्हतं.

उतारावरची

आईंना सांगा, पहिल्या दिवशी साडीत. बेलेंला नदीवरून वारा सुटला, पदर मागच्या चाकाच्या तारांत गेला आणि ह्यांनी खुर्ची रेटल्यावर मी मानेपासून मागे ओढले गेले. पिन होती म्हणून निभावलं, पण पिनेने पदर फाटला. नंतर सगळे दिवस सलवार-कुडता, ओढणी नाही. त्यांना साडीच हवी असेल तर पदर कमरेत खोचून वरून स्वेटर घाला, निऱ्या गुडघ्यांखाली दाबून वर पातळ शाल पसरा, आणि तारांवर बसणारी प्लास्टिकची चकती मिळते ती दोन्ही चाकांना लावून घ्या. सुती साडी न्या, सिल्क सीटवरून घसरते. आणि त्या वॉकरचं काय ठरलं? तो विसरू नका, हॉटेलच्या बाथरूममध्ये खुर्ची शिरली नाही तर त्यावरच भागवायचंय.