मदत हवी आहे : फ्रेंच नट जाँ गाबँचा खोट्या नोटांवरचा चित्रपट, सबटायटल्स पुढे पळतात

चाफा४१२ : शनिवारी मंडळात दाखवायचा आहे. इंग्रजी सबटायटल्स बोलण्याच्या आधीच येतात. उपाय सांगा, लवकर.

पडदावेडा : चित्रपट कोणता? सुरुवातीपासून तेवढाच फरक आहे की वाढत जातो? फाइल किती मिनिटांची?

चाफा४१२ : 'ल काव्ह स रबिफ', १९६१चा, दिग्दर्शक ग्रांजिए. बर्नार ब्लिएची टोळी गाबँला डच नोटा छापायला बोलावते तोच. फाइल ९८ मिनिटांची.

निळा_कंदील : व्हीएलसी प्लेयरमध्ये कीबोर्डवरचं एच दाबत राहा. दर वेळी सबटायटल ५० मिलिसेकंद उशिरा येतं. झालं काम.

पडदावेडा : तो उपाय फरक कायम तेवढाच असेल तर. @चाफा४१२, वाढतो का ते सांगा.

रसिक_पुणे : खोट्या नोटाच हव्यात तर दिग्दर्शक ब्रेसाँचा १९८३चा 'लार्जाँ' दाखवा. ५०० फ्रँकची एक नोट हातोहात फिरते आणि निरपराध माणूस खुनापर्यंत पोचतो. गाबँच्या त्या चित्रपटात गंमतच जास्त.

निळा_कंदील : गंमत कमी दर्जाची असते का? त्यातले ओदियारने लिहिलेले संवाद एकदा नीट ऐका.

चाफा४१२ : वाढतो. शेवटी जवळजवळ चार मिनिटं.

पडदावेडा : मग नक्की फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. सबटायटल्स २५ फ्रेमच्या प्रतीवरून बनलीत, ती ९४ मिनिटांत संपते. 'सबटायटल एडिट' हा प्रोग्रॅम उघडा, सिंक्रोनायझेशनमध्ये 'चेंज फ्रेम रेट', २५ वरून २३.९७६. तुमची फाइल नेमकी २४ची असेल तर २४ घाला, नाहीतर शेवटी सहाएक सेकंदांची चूक उरेल. फाइलचा रेट 'मीडियाइन्फो' या प्रोग्रॅममध्ये दिसतो.

सिनेप्रेमी_ठाणे : त्याआधी 'तूशे पा ओ ग्रिस्बी' (१९५४) दाखवा. लेखक सिमोनँच्या कादंबऱ्यांवरच्या तीन चित्रपटांतला तो पहिला, तुमचा दुसरा.

रसिक_पुणे : गरज नाही. तिन्हींत नायक वेगळा, कथा वेगळी. तिसऱ्यात तर गाबँही नाही, लिनो व्हेन्तुरा आहे.

चाफा४१२ : रेट बदलला. आता सगळीकडे सारखीच १२ सेकंदं आधी येतात!

पडदावेडा : तुमच्या प्रतीत सुरुवातीला वितरकाचं बोधचिन्ह असणार. 'अ‍ॅडजस्ट ऑल टाइम्स'मध्ये १२ सेकंद घालून 'शो लेटर'. हे रेट बदलल्यानंतरच करायचं. आधी केलं तर ते १२ सेकंदही ताणले जातात. मग यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, म्हणजे फ्रेंच नावांतली अक्षरं फुटणार नाहीत.

निळा_कंदील : आणि आता एच चालेल, उरलंसुरलं जुळवायला.