मदत हवी आहे: मदरबोर्ड परत घेत नाहीत, 'पिना वाकल्यात' म्हणतात

वैतागवाडी
सरळ मुद्द्यावर येते. ऑनलाइन मागवलेला मदरबोर्ड पहिल्या दिवसापासून बंद. रिटर्न टाकला, माणूस येऊन घेऊन गेला, आणि आता मेल आलाय की "फिजिकल डॅमेज, रिटर्न नामंजूर". सोबत वाकलेल्या पिनांचा एक फोटो. बोर्ड तसाच परत पाठवणार म्हणे. चॅटवर गेलं की आधी बॉट बोलतो, मग माणूस येतो तो बॉटपेक्षा ठोकळा. दर वेळी नवा माणूस, दर वेळी "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत", आणि मी परत पहिल्यापासून सगळं सांगायचं. विक्रेता म्हणतो बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडे जा. कंपनी म्हणते नवा माल बंद निघाला तर विक्रेत्याने बघायचं.

पैसे परत कसे काढायचे? ज्यांनी असलं प्रकरण निस्तरलंय त्यांनी सांगा. धीर धरा वगैरे नको, धरून झालाय.

(दुकानाचं आणि कंपनीचं नाव काढलं आहे. - संपादक)

खटपट्या
बोर्ड कुठला, प्रोसेसर कुठला, रॅम कुठली, पॉवर सप्लाय किती वॉटचा? "बंद" म्हणजे नक्की काय? पंखे फिरत होते का? बऱ्याच बोर्डांवर चार बारके दिवे असतात, सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट. त्यातला कुठला लागून राहायचा? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार, साहेब.

निशाचर
मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लावली असणार. प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, त्या पोर्टातून चित्र येणारच नाही. मी पाहिलेले बरेचसे "बंद बोर्ड" असेच निघालेत.

मेमरीबहाद्दर
डीडीआर५ आहे का? असेल तर पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, तोवर स्क्रीन काळीच. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर तर कित्येक मिनिटं जातात. लोक घाबरून मध्येच बटण दाबतात, मग ते बिचारं परत पहिल्यापासून सुरू होतं. चालू करून पंधरा मिनिटं तसंच सोडून बघा.

वैतागवाडी
काय सोडून बघू? बोर्ड त्यांच्याकडे आहे!

प्रोसेसर १२४००एफ, बोर्ड बी७६० चिपसेटचा, रॅम डीडीआर४. केबल ग्राफिक्स कार्डालाच होती. पंखे फिरायचे, डीरॅमचा दिवा लागून राहायचा. रॅमच्या दोन्ही कांड्या आलटून पालटून लावल्या. कार्ड, रॅम, पॉवर सप्लाय सगळं भावाच्या मशीनवर चालतं. बोर्डाचं काय झालं होतं ते मला माहीत आहे, मला पैसे कसे मिळतील ते विचारलंय. आणि मी साहेब नाही.

खटपट्या
माफ करा ताई. पण प्रोसेसर तपासला का? यादीत नाही म्हणून विचारतोय. मेमरी कंट्रोलर हल्ली प्रोसेसरमध्येच असतो. त्यामुळे डीरॅमचा दिवा लागला म्हणजे रॅम किंवा बोर्डच खराब असं नाही, प्रोसेसरही असू शकतो. विक्रेता उद्या हाच मुद्दा काढेल.

वैतागवाडी
तपासला. भावाच्या बोर्डाचंही सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए१७०० आहे. त्याच्याच मशीनमध्ये बसवलाय आणि तो त्यावर मजेत गेम खेळतोय.

जुनाट_कळफलक
पिना वाकल्यात म्हणजे प्रोसेसर बसवताना हातातून सुटला असणार. घाबरू नका. यांत्रिक पेन्सिलीतली शिशाची कांडी काढायची, पुढची पोकळ नळी पिनेवर अलगद घालायची आणि सरळ करायची. मी स्वतः केलंय. विक्रेत्याच्या मागे लागण्यापेक्षा हे लवकर होतं.

अर्धवट_अभियंता
काका, १२४००एफ ला पिना नसतातच. इंटेलने २००४ साली एलजीए७७५ सॉकेट आणलं तेव्हापासून त्यांच्या अशा प्रोसेसरना खाली नुसत्या सपाट टिकल्या असतात, पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये. त्या केसासारख्या बारीक आणि आधीच एका बाजूला कललेल्या असतात. त्यावर पेन्सिलीची नळी घालायला गेलात तर शेजारच्या चार वाकतील.

जुनाट_कळफलक
एएमडीला असतात पिना.

अर्धवट_अभियंता
एएम४ पर्यंत. २०२२ मध्ये एएम५ आलं आणि त्यांच्याही पिना बोर्डावर गेल्या.

जुनाट_कळफलक
माझा एएम४च आहे. प्रोसेसर उलटा करून बघा, १३३१ पिना आहेत त्याला. उगाच "नसतातच" म्हणायचं.

वैतागवाडी
माझा इंटेल आहे.

सातासमुद्रापार
तुम्ही कुठल्या देशात आहात? त्यावर सगळं अवलंबून आहे. आमच्याकडे, म्हणजे युरोपीय संघात, ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. त्याशिवाय किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते आणि ती विक्रेत्यानेच निभवायची असते. कंपनीकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो मुळात नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं.

कायद्याचं_बोला
सगळे काही युरोपात राहत नाहीत. भारतात असाल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे ई-कॉमर्स नियम २०२० लागू होतात. वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दिलेला असलाच पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं. चॅटवाल्याशी वाद घालून काही होत नाही, तक्रार त्या अधिकाऱ्याच्या नावाने लेखी गेली पाहिजे. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

पश्चिमरंग
अमेरिकेत "स्टिकर काढला तर वॉरंटी रद्द" असं छापणाऱ्या सहा कंपन्यांना एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, २०१८ मध्ये इशारा दिला होता. मूळ कायदा १९७५ चा आहे. सील तोडलं म्हणून कुणी वॉरंटी नाकारत असेल तर ते बेकायदा आहे, हे ठणकावून सांगा.

सातासमुद्रापार
इथे सील कुणी तोडलंय?

पश्चिमरंग
एक माहिती म्हणून दिली.

अनबॉक्सर
खोकं उघडतानाचा व्हिडिओ आहे का? नसेल तर पैसे विसरा. मी नखकात्री मागवली तरी व्हिडिओ काढतो.

कायद्याचं_बोला
व्हिडिओ हा पुरावा आहे, अट नाही. तुमच्यासारख्यांनी प्रत्येक धाग्यावर हेच लिहून लिहून लोकांना खरंच वाटायला लागलंय की व्हिडिओ नाही म्हणजे हक्क नाही.

अनबॉक्सर
हक्क घेऊन बसा तुम्ही. मला दर वेळी पैसे मिळालेत.

वैतागवाडी
व्हिडिओ नाही. खोक्याचे, सिरियल नंबरच्या स्टिकरचे आणि बोर्ड परत भरतानाचे फोटो आहेत.

खटपट्या
भरतानाच्या फोटोत सॉकेटवर झाकण दिसतंय का? ते काळं प्लास्टिकचं. काही मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की झाकण नसेल तर आरएमए (खराब माल परत) घेणार नाही. नुसता बोर्ड फोमच्या पिशवीत घालून पाठवला तर पिना वाटेतही वाकू शकतात.

वैतागवाडी
झाकण लावलेलं स्वच्छ दिसतंय. ते लावायच्या आधी सॉकेटचाही एक फोटो घेतला होता, पिना एका ओळीत आहेत.

खटपट्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना, ताई!

नवखा_नवनाथ
इथे जाणकार मंडळी जमलीच आहेत तर विचारतो. मला व्हिडिओ एडिटिंगसाठी मशीन जुळवायचंय. १६ जीबी रॅम पुरेल की ३२ घेऊ?

मेमरीबहाद्दर
३२. आणि दोन कांड्यांचा एकच संच घ्या, सुट्या दोन वेगवेगळ्या घेऊ नका. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्यात लावा.

निशाचर
एडिटिंगला एफवाला प्रोसेसर घेऊ नका. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधली क्विकसिंक ही व्हिडिओचं काम झटपट उरकणारी सोय फार कामाला येते.

मेमरीबहाद्दर
आणि आल्या आल्या मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. एक जरी चूक दाखवली तरी ती रॅम परत करायची. पण चाचणी आधी एक्सएमपी बंद ठेवून करा. एक्सएमपी म्हणजे शेवटी ओव्हरक्लॉकिंगच, रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, त्यावर चुका आल्या तर समोरचा हात वर करू शकतो.

वैतागवाडी
माझ्या धाग्यावर नवनाथना माझ्यापेक्षा लवकर उत्तरं मिळतायत.

दस्तुरखुद्द
तुमचं बघू. पैसे कार्डाने भरले होते का? असतील तर बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत. माल सदोष निघाला आणि विक्रेता परत घेत नाही, हे त्यासाठी मान्य कारण आहे. मुदत बहुतेक प्रकरणांत १२० दिवसांच्या आसपास असते, पण तुमच्या बँकेला विचारा, काही बँका आधीच घाई करायला लावतात. दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. विक्रेत्याला लेखी कळवलं होतं, आणि माल परत केला किंवा करायचा प्रयत्न केला. तुमच्याकडे दोन्ही आहे.

सावधगिरी
चार्जबॅक टाकला की ती दुकानं खातंच बंद करतात. बाकीच्या ऑर्डरी, जमा पॉइंट, सगळं गेलं. शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

दस्तुरखुद्द
करेनात बंद. बंद बोर्ड गळ्यात मारणाऱ्या दुकानातले पॉइंट जपायचे?

मूकवाचक
सहसा लिहीत नाही, पण त्यांनी पाठवलेला फोटो अजून कुणी मागितलाच नाही. इथे टाकाल का?

वैतागवाडी
टाकलाय, बघा. सॉकेटचा क्लोजअप आहे, कोपऱ्यातल्या पिना वाकलेल्या दिसतात.

मूकवाचक
पिना वाकलेल्या आहेत हे खरं. पण उजव्या कडेला बघा, रॅमच्या स्लॉटची टोकं दिसतायत. मला चार दिसतात. तुमच्या बोर्डाला किती स्लॉट आहेत?

वैतागवाडी
दोन.

दोनच आहेत. थांबा, खोक्याचा फोटो परत बघून येते.

अर्धवट_अभियंता
हा हा हा! दुसऱ्याचाच बोर्ड!

खटपट्या
एवढ्यात नाचू नका. एकाच नावाचे दोन स्लॉटचे आणि चार स्लॉटचे बोर्ड निघतात, नावात एखाद्या अक्षराचा फरक. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर काय आहे? बीजकावर काय छापलंय? दोन्ही जुळतात का?

वैतागवाडी
खोकं, बीजक आणि मी भरताना काढलेला फोटो, तिन्हीकडे एकच मॉडेल आणि दोनच स्लॉट. त्यांच्या फोटोत चार. म्हणजे हा माझा बोर्डच नाही! आणि चॅटवरचा माणूस मला "आमचे तंत्रज्ञ प्रशिक्षित आहेत" म्हणून सांगत होता.

दस्तुरखुद्द
आता चॅटवर जाऊ नका, रागाच्या भरात तर मुळीच नाही. एकच मेल लिहा, लहान. ऑर्डर नंबर, तुमचा सिरियल नंबर, तुमचे दोन फोटो, त्यांचा फोटो. मागणी दोनच: तपासलेल्या बोर्डाचा सिरियल नंबर दिसेल असा पूर्ण फोटो द्या, नाहीतर पैसे परत करा. उत्तराला तारीख घाला. चोर, लबाड असले शब्द नकोत. हाच मेल उद्या बँकेला किंवा आयोगाला दाखवायचाय.

कायद्याचं_बोला
आणि तो तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा, support वगैरे पत्त्यावर नाही. देश सांगितला असतात तर नेमकं कलमही दिलं असतं.

सावधगिरी
त्यांनी परत पाठवलेलं पार्सल आलं तर डोळे झाकून घेऊ नका. आत तो चार स्लॉटवाला निघाला तर तुमचा बोर्ड कुठे गेला हे सिद्ध करत बसाल. घेतलंच तर उघडताना

अनबॉक्सर
व्हिडिओ काढा :)

वैतागवाडी
अपडेट. मेलला उत्तर आलं, या वेळी खाली चक्क माणसाचं नाव आहे. "तपासणी अहवालात तांत्रिक त्रुटी राहिली" म्हणे. फोटो कुणाच्या बोर्डाचा यावर अवाक्षर नाही. आता म्हणतात तोच बोर्ड बदलून देतो, किंवा पैसे आमच्या वॉलेटमध्ये टाकतो. मी मधल्या काळात दुसरीकडून बोर्ड घेऊन मशीन चालू केलंय. मला ना त्यांचा बोर्ड हवाय ना वॉलेट. नाही म्हटलं तर सगळंच अडकेल का?

सावधगिरी
वॉलेट घेऊन टाका. हातातलं सोडू नका.

दस्तुरखुद्द
मुळीच घेऊ नका. वॉलेट एकदा स्वीकारलं की बँकेच्या लेखी तुमचं प्रकरण मिटलं, मग चार्जबॅक विसरा. "ज्या कार्डातून पैसे घेतले त्याच कार्डात परत हवेत" एवढं एक वाक्य लिहून पाठवा. त्यांनी चूक लेखी कबूल केलीय, आता जोर तुमच्याकडे आहे.

जुनाट_कळफलक
तो चार स्लॉटचा बोर्ड कुणाचा होता पण? त्या माणसालाही "नामंजूर" आलं असेल. त्याच्या पिना खरंच वाकल्या होत्या का हेही आता सांगता येत नाही.

अर्धवट_अभियंता
पहिल्यांदाच काकांशी सहमत.

वैतागवाडी
ते एक वाक्य पाठवलं होतं. आज मेल आला, रिफंड "प्रोसेस" केला म्हणे, कार्डात. अजून जमा काही दिसत नाही. बँकवाले म्हणतात आमच्याकडे काहीच आलेलं नाही, दुकानाला विचारा. दुकान म्हणतं बँकेला विचारा. पुन्हा तेच सुरू.

खटपट्या
मेलमध्ये एआरएन दिलाय का?

वैतागवाडी
तो काय असतो?

खटपट्या
कार्डाच्या रिफंडचा २३ अंकी नंबर. तो दिला की तुमच्या बँकेला व्यवहार शोधता येतो, मग "आलंच नाही" म्हणायला जागा राहत नाही. दुकानाकडे मागा, आपणहून देत नाहीत. आणि बँक कुठली आहे? कार्ड क्रेडिट की डेबिट? रिफंडची तारीख काय लिहिलीय?