योक आणि थ्रॉटल: सेसना १७२ आणि एटीआर ७२ साठी काय घ्यावं? (घर समुद्राला लागून)

देवगड_किनारा
नमस्कार मंडळी. सध्या ट्विस्ट जॉयस्टिकवर (पिळताही येणारी दांडी) मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवणं, चालू आहे. अर्धा वेळ सेसना १७२ (एका इंजिनाचं छोटं विमान), अर्धा एटीआर ७२ (दोन इंजिनांचं, प्रोपेलरचं प्रवासी विमान). आता योक (विमानाचं हँडल) आणि थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायची लिव्हर) घ्यायचंय, पण सगळं एकदम घेण्याएवढं बजेट नाही. पर्याय तीन: लॉजिटेकचा योक (सोबत तीन लिव्हरचं क्वाड्रंट, म्हणजे लिव्हरचा ठोकळा, येतं), हनीकोम्बचा अल्फा योक आणि त्याचंच ब्राव्हो क्वाड्रंट (दोन्ही वेगवेगळे विकत मिळतात), किंवा अल्फासोबत थ्रस्टमास्टरचं एअरबसवालं टीसीए क्वाड्रंट. खोलीला एसी नाही, खिडकीतून खारा वारा थेट आत येतो. टेबल फणसाचं, फळी ३५ मिमी जाड आणि पुढच्या बाजूला खण आहे. आधी काय घेऊ?

रनवे_२७
टीसीए क्वाड्रंट यादीतून काढाच. त्याच्या दोन लिव्हरना सीएल, फ्लेक्स आणि टोगाच्या (एअरबसच्या ठरावीक पॉवरच्या) खाचा आहेत. एअरबस ए३२० उडवणाऱ्याला त्यासारखं दुसरं काही नाही, पण तुमच्या दोन विमानांपैकी एकालाही ते बसत नाही.

आता लिव्हर मोजा. १७२ चा प्रोपेलर फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन बदलत नाही), म्हणजे थ्रॉटल आणि मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण) या दोनच लिव्हर लागतात. तिसरी फ्लॅप्सला (पंखांमागच्या झडपांना) द्या. लॉजिटेकच्या तिघींत सेसना आरामात भागते. एटीआरचं गणित वेगळं: दोन पॉवर लिव्हर आणि दोन कंडिशन लिव्हर (प्रोपेलर आणि इंधन सांभाळणाऱ्या). तीन लिव्हर असतील तर दोन्ही इंजिनांच्या कंडिशन लिव्हर एकीवरच बांधाव्या लागतात, आणि तिथे हॉटेल मोड अडतो. हॉटेल मोडमध्ये, विमान जमिनीवर उभं असताना वीज आणि हवेसाठी, उजवं इंजिन प्रोपेलर ब्रेक लावून एकटंच चालवायचं असतं, म्हणजे फक्त दोन नंबरची कंडिशन लिव्हर फ्युएल शटऑफवरून (इंधन बंद) फेदरला (पात्यांची कड वाऱ्याकडे) न्यायची. लिव्हर एकच असेल तर डावीही सोबत सरकते. प्रत्येक वेळी माउसने करता येतं, पण मग क्वाड्रंट घेतलं कशाला? ब्राव्होला सहा लिव्हर आहेत, शिवाय ट्रिम व्हील (नाक हव्या कोनात टिकवणारं चाक) आहे. एटीआर हाताने उतरवताना ट्रिम व्हीलचा उपयोग बाकी सगळ्या बटणांपेक्षा जास्त होतो. लॉजिटेकच घ्यायचं असेल तर पुढे त्याचंच दुसरं, यूएसबीवालं क्वाड्रंट जोडून सहा लिव्हर होतात. योकसोबतचं क्वाड्रंट मात्र योकच्या मागच्या गोल पिनेत लागतं, ते सुटं चालत नाही.

योकमध्ये खरा फरक फिरण्याचा. लॉजिटेक प्रत्येक बाजूला ४५ अंश फिरतो, अल्फा ९० अंश. शिवाय लॉजिटेकच्या मध्यावर एक खाच जाणवते. फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक उचलताना) दोन-तीन अंशांची दुरुस्ती करायची असते, नेमका तेव्हाच हात त्या खाचेत अडकतो, जोर वाढतो आणि पंख हवा त्यापेक्षा जास्त कलतो. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी उणे २०-३० केली तर मध्याजवळचा प्रतिसाद मऊ होतो, खाच मात्र तिथेच राहते.

माझं मत: आधी अल्फा घ्या, ब्राव्हो नंतर.

तेलपाणी
२७ यांच्याशी सहमत, पण माझं कारण हवा. लॉजिटेकमध्ये पोटेन्शिओमीटर आहेत: कार्बनच्या पट्टीवर धातूचा काटा घासत फिरतो. किनाऱ्यावर त्या पट्टीवर ओल आणि क्षार बसतात, आकडा थरथरतो आणि विमान आपोआप एका अंगावर झुकायला लागतं. अल्फाच्या योकमध्ये हॉल सेन्सर आहेत. ते चुंबकाचं क्षेत्र मोजतात, घासणारं काहीच नाही. देवगडात हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा.

थरथर तपासायची असेल तर विंडोजमध्ये रनच्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल उघडा, प्रॉपर्टीजमध्ये जा आणि योकवरून हात काढा. फुलीचं चिन्ह जागीच हलत असेल तर दोष पोटेन्शिओमीटरचा, सिम्युलेटरचा नाही. डेड झोन (मध्याजवळची दुर्लक्षित हालचाल) ५ टक्क्यांच्या वर नेऊन तो झाकू नका, मधली हालचालच मरते. वायर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन छोटे फवारे मारा, योक टोकापासून टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. गंज सोडवायचा साधा स्प्रे तिथे अजिबात नको. त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते.

दांडा पोलादी आहे, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. घरात असतं म्हणून खोबरेल लावू नका. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे पौषातल्या पहाटे योक जड लागणार, आणि कालांतराने ते खवट होऊन चिकटही होतं. झाकायला सुती कापड घ्या. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली की आतली ओल आतच राहते.

देवगड_किनारा
म्हणजे अल्फाच. आता टेबल. खणामुळे क्लॅम्पला खालून पकडायला जागाच नाही. आणि पायाचे पेडल नसतील तर रडरचं (शेपटीवरच्या सुकाणूचं) काय?

सुतारनेट
खणाला हात लावू नका. १८ मिमीची मरीन प्लायची फळी घ्या. साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात पापुद्रे सोडतो. फळी टेबलाच्या पूर्ण रुंदीची करा, पुढे ८० मिमी बाहेर येऊ द्या आणि दोन्ही टोकांना, खणाच्या बाहेर, सी-क्लॅम्पने टेबलाला आवळा. योकचा क्लॅम्प या बाहेर आलेल्या भागाला बसवा. कापण्याआधी दोन मापं घ्या: क्लॅम्पचे स्क्रू गुडघ्याला लागत नाहीत ना, आणि योक पूर्ण मागे खेचल्यावर पोट आणि मुठीमध्ये वीतभर जागा उरते का. प्लायच्या कडांना दोन हात वॉर्निश हवंच, ओल कडेतूनच शिरते.

रनवे_२७
पेडल येईपर्यंत जुनी जॉयस्टिक टेबलाच्या डाव्या अंगाला लावून ठेवा. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये तिच्या ट्विस्टचा अक्ष (हालचालीची दिशा) तेवढा रडरला ठेवा आणि तिचे बाकीचे सगळे अक्ष काढून टाका. ते राहिले तर एलेरॉनवर (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) योक आणि जॉयस्टिक दोघांचाही हक्क राहतो आणि विमान मध्येच झटका देतं. ऑटो-रडर (सिम्युलेटर स्वतःच रडर चालवतो ती सोय) बंद करा. ब्राव्हो आल्यावर एटीआरला साधा ‘थ्रॉटल’ अक्ष देऊ नका. थ्रॉटल १ आणि थ्रॉटल २ असे वेगळे द्या. लिव्हर पुढे नेल्यावर पॉवर कमी झाली तर ‘रिव्हर्स अ‍ॅक्सिस’वर टिक करा. लिव्हर आयडलच्या (सगळ्यात कमी पॉवरच्या) खाचेखाली नेली की अक्ष संपतो आणि बटण दाबलं जातं. रिव्हर्सचा (उलट्या जोराचा) आदेश त्या बटणाला द्यायचा.

उड्डाणात मध्येच योक गायब होत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा. ब्राव्हो स्वतःचा अॅडॉप्टर असलेल्या हबवर लावा.

पेडल फार लांबवू नका. चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळाची धावपट्टी ०९/२७, म्हणजे ९० आणि २७० अंशांच्या दिशेची. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा. २४० अंशांवरून २० नॉट धरला, तर २७ वर उतरताना डावीकडून १० नॉट आडवा वारा लागतो. सरावाला हेच हवामान हाताने भरा. ट्विस्टवर हे जमतं, पण शेवटच्या क्षणी नाक सरळ करताना एक हात योकवर, दुसरा थ्रॉटलवर असतो, मग ट्विस्टला हात उरतो कुठला?

तेलपाणी
आणि पेडल आल्यावर चाकांची खुर्ची नको. ब्रेक दाबला की खुर्ची मागे जाते आणि फरशीवर पेडल पुढे सरकतात. पेडलखाली रबरी मॅट टाका आणि पेडलची मागची कड जाड पट्ट्याने खुर्चीच्या पायाला बांधा.