अनुभव धागा: जुना संगणक लिनक्सवर नेताना (ठाणे आणि नवी मुंबई)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि तेव्हापासून ओळखीतले लोक एकच विचारतात: चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात द्यायचा का? विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सहाव्या-सातव्या पिढीची कितीतरी यंत्रं त्यामुळे बाद ठरली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

मी चरईत राहतो. आसपासच्या लोकांचे संगणक विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर नेऊन देतो, पैसे घेत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मिंट घ्यावं की उबुंटू (दोन्ही लिनक्सचेच प्रकार), हा प्रश्न सगळ्यात शेवटी. त्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. मराठी कोणत्या पद्धतीने टाइप करता? प्रिंटर कोणता? आणि ज्याच्यावर पोट अवलंबून आहे असं एखादं सॉफ्टवेअर आहे का? या तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर माणूस लिनक्सवर टिकतो. नाही मिळाली तर कितीही देखणा डेस्कटॉप द्या, दोन महिन्यांत तो परत जातो.

म्हणून डिस्ट्रोंचा, म्हणजे लिनक्सच्या अशा प्रकारांचा, वाद इथे नको. तुमचं रोजचं काम काय, ते लिनक्सवर कसं झालं, कुठे अडलं आणि तिथून वाट कशी काढली, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न बसवता, चालवून बघणं कधीही टाळू नका. पेनड्राइव्हवर एकदा व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून देणारं साधन) टाकलं की त्यावर आयएसओ फाइली, म्हणजे लिनक्सच्या इन्स्टॉल प्रती, नुसत्या कॉपी करायच्या. मिंट, उबुंटू, डेबियन सगळं एकाच पेनड्राइव्हवर राहतं. लाइव्हमध्ये आवाज, कॅमेरा, वायफाय बघा, एक पान छापून बघा, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का तेही बघा. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं की इंटरनेट मिळतं, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमसारख्या चिपचा ड्रायव्हर उतरवून घेता येतो.

नौपाडा, ठाणे. डीटीपीचं काम

तुमचा पहिलाच प्रश्न माझ्या धंद्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळीच्या आधी अंकांची जुळणी, असं माझं काम. युनिकोड आल्यानंतरही आमच्या लायनीत जुने फॉन्ट सुटले नाहीत. त्या फॉन्टांतला मजकूर खरं तर रोमन अक्षरांचे संकेत असतात, वर मराठीचं रूप चढवलेलं. फॉन्ट गेला की पानभर चिन्हांचा कचरा दिसतो. लिनक्सवर जायचं तर हे साहित्य आधी युनिकोडमध्ये आणावं लागतं. कन्व्हर्टर आहेत, पण रफार, अर्धी अक्षरं आणि ‘ऱ्य’ हमखास बिघडतात. मुद्रितशोधन केल्याशिवाय एकही पान पुढे पाठवू नये.

टायपिंगला मला त्रास झाला नाही, कारण हात इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांचा प्रमाणित कीबोर्ड) बसलेला. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडलं की झालं. शिफ्ट धरून इंग्रजी जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, पुढे हलन्त आणि य. तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या सगळं व्यवस्थित उमटतं. आमच्याकडच्या मुलीला रोमन अक्षरांतून लिहायची सवय. तिला आयबस आणि एम-१७-एन ही भारतीय भाषांच्या टायपिंगची साधनं बसवून दिली. त्यात मराठीसाठी गमभनची पद्धतही आहे, जी मराठी संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांच्या बोटांत आधीच मुरलेली असते.

आता जे फार कमी लोक सांगतात ते. लिनक्सवर मराठी मजकूर कधीकधी हिंदी वळणाचा दिसतो, विशेषतः ल आणि श. बरेच जण यावरून फॉन्टला नावं ठेवतात. पण नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात मराठी वळणाची अक्षरं असतातच, फक्त हा मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला सांगावं लागतं. लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे भाषा मराठी निवडा. त्याच फॉन्टात ल आणि श लगेच आपल्या वळणाचे होतात. ज्याला आपली अक्षरं आपल्यासारखी दिसावीत असं वाटतं, त्याने हे पहिल्याच दिवशी करावं.

मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा, तो लिनक्सबरोबर येत नाही. मंगलमध्ये केलेली फाइल दुसऱ्या फॉन्टात उघडली की ओळी सरकतात, चार पानांची पाच होतात. अंतिम फाइल पीडीएफ करूनच द्या. छपाईच्या जुळणीसाठी मी आता स्क्रायबस हा मुक्त प्रोग्राम वापरतो. जोडाक्षरं नीट जुळवणारी त्याची १.६ ही स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. त्याआधीची स्थिर आवृत्ती देवनागरीच्या कामाची नव्हती.

वाशी. करसल्लागाराच्या ऑफिसात

मी तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. आमच्या ऑफिसात डिजिटल सहीचे टोकन रोज लागतात, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. सगळी यंत्रं लिनक्सवर न्या असा सल्ला कुणी अशा ऑफिसाला देऊ नये. रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला टोकन ओळखलं गेलं नाही तर क्लायंटला काय सांगणार? आम्ही सही आणि हिशेबासाठी विंडोज ११ ची यंत्रं ठेवली. बाकीची जुनी यंत्रं, ज्यांवर ईमेल, स्प्रेडशीट आणि कागदपत्रांची जुळवाजुळव चालते, ती मिंटवर नेली. ही विभागणी उत्तम चालली आहे.

कागदपत्रांच्या कामात तर लिनक्स आम्हाला जास्त सोयीचं पडलं. पीडीएफ अरेंजर नावाचा छोटा प्रोग्राम आहे. पानं ओढून मागेपुढे करायची, फिरवायची, दोन फाइली जोडायच्या. मजकूर कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर चढवावा लागत नाही. लोक क्लायंटची पॅन कार्डं आणि बँक स्टेटमेंटं ‘फुकट पीडीएफ जोडा’ अशा साइटवर टाकतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं स्प्रेडशीट) लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर सेलच्या फॉरमॅट कोडात उजवीकडून पहिला स्वल्पविराम तीन आकड्यांवर आणि पुढचे दोन-दोन आकड्यांवर द्या.

ऐरोली. आयटीत नोकरी, घरी ड्युअल बूट

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांसाठी. डिस्कला हात लावण्याआधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर आतला डेटा गेला म्हणून समजा. नंतर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, त्याचं पार्टिशन अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समध्ये ते फक्त वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही.

आणखी एक, ज्याने आपल्याकडे सगळेच गोंधळतात: लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. बॅटरी गेलेली नसते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात (आरटीसी) यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. भारताचा फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडने आरटीसी ‘लोकल’ केला की दोघांचं जमतं.

सुरक्षेबद्दल एक मनापासून सांगणं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात कुणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचचं (दुरून दुसऱ्या संगणकात शिरण्याची सोय) लॉगिन नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं आणि तो त्याच्या मागे लागला, म्हणून ते सापडलं. तोवर ते डेबियनच्या टेस्टिंग (चाचणीच्या) शाखेत आणि फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोच्या प्रायोगिक शाखेत पोचलं होतं, डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे स्थिर शाखेत नाही. घरच्यांच्या संगणकावर दर आठवड्याला नवं हवं हा हट्ट धरू नका. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, घरासाठी ते पुष्कळ झालं.

कळवा. शिकवणी वर्ग

आमच्याकडे देणगीत आलेली यंत्रं आहेत, बहुतेक चार जीबी रॅमची. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती त्यांवर चालते, पण खरा फरक पडला तो हार्ड डिस्क काढून साधी सॅटा एसएसडी लावल्यावर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणल्या, बदलायला एक स्क्रूड्रायव्हर पुरला. पैसे एकाच गोष्टीवर घालता येणार असतील तर आधी एसएसडी, मग रॅम.

खूप जुनी ३२-बिट यंत्रं कुणी देत असेल तर विचार करून घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही आणि फायरफॉक्सनेही ३२-बिट लिनक्सची साथ सोडली आहे.

लहान मुलांसाठी जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळ) आणि टक्स पेंट (चित्रकला) टाकून ठेवलंय. शाळा सुटली की मुलं थेट तिथेच येतात. शिकवणाऱ्या ताईंना स्वतःला शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतूनही आहेत.

कोपरखैरणे

चरईच्या दादांना प्रश्न: सोसायटीच्या ऑफिसात जुना लेझर प्रिंटर आहे. लाइव्हमध्ये तो दिसतो, पण पान बाहेर येत नाही. नोटिसा छापल्याशिवाय आमचं भागत नाही. काय करावं?

चरई (धागा काढणारा)

तुमचा प्रिंटर बहुधा त्या प्रकारचा आहे ज्याला पानाची सगळी आखणी संगणकाने करून द्यावी लागते आणि त्यासाठी कंपनीचाच खास ड्रायव्हर लागतो. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलसमोर लिनक्सचा ड्रायव्हर आहे का बघा, डेब फाइल (मिंट-उबुंटूवर थेट बसणारी) असेल तर उत्तम. एचपीचा असेल तर एचपीलिप हे एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर बसवा. काही लेझर मॉडेलांना त्याबरोबर वेगळं प्लगिन उतरवावं लागतं, आणि ते नसेल तर अगदी हेच होतं, प्रिंटर दिसतो पण छापत नाही. नवा घेणार असाल तर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेला घ्या. असे प्रिंटर नेटवर्कवर आपोआप सापडतात, ड्रायव्हर लागतच नाही. यातलं काही जमलं नाही तर नोटिसांचं यंत्र सध्या आहे तसंच राहू द्या आणि बाकीचं हलवा.

घोडबंदर रोड. कॉलेजात शिकतो

गेमसाठी स्टीम या गेमच्या दुकानात प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) चालू करा. स्टीमच्या सर्वेक्षणात ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्सवाल्यांचं प्रमाण पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेलं. मात्र फसवणूक रोखायला थेट कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) शिरणारी प्रणाली ज्या ऑनलाइन गेममध्ये असते, ते चालत नाहीत. ऑनलाइन परीक्षांच्या निगराणीच्या सॉफ्टवेअरचंही तेच, त्यामुळे परीक्षा असेल तर आधीच विचारून ठेवा.

खारघर. वडिलांसाठी

माझ्या बाबांची दृष्टी गेली आहे. विंडोजवर ते एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरायचे. लॅपटॉप जुना, नवा घ्यायला ते तयार नव्हते, म्हणून उबुंटू टाकलं. त्यात ऑर्का हा स्क्रीन रीडर आधीपासून असतो; ऑल्ट, सुपर आणि एस एकत्र दाबलं की बोलायला लागतो, इन्स्टॉल करतानासुद्धा. त्याच्या मागे ईस्पीक एनजी हे मजकूर बोलून दाखवणारं साधन असतं आणि त्यात मराठी आवाज आहे. आवाज यांत्रिक आहे, हे आधीच सांगते. पण बाबांना गोड आवाजापेक्षा वेग हवा असतो, आणि वेग वाढवला तरी त्यातले शब्द त्यांना सुटे ऐकू येतात. काही शॉर्टकट नव्याने शिकावे लागले. ते त्यांनी स्वतः, मला हाक न मारता शिकून घेतले.

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला टेसरॅक्टचा. छापील मजकुराच्या चित्रातून अक्षरं ओळखणारं हे मुक्त साधन आहे, त्याचं मराठीचं पॅकेज वेगळं बसवायचं. वर जीइमेजरीडर टाकलं की खिडकीतूनच वापरता येतं. घरातली जुनी मराठी पुस्तकं मी सपाट ठेवून स्कॅन करते, भाषा मराठी निवडते, मजकूर निघाला की बाबा तो ऑर्काकडून ऐकतात. स्वच्छ छपाई असेल तर चुका कमी येतात. पिवळा पडलेला कागद आणि पुसट शाई असली की जोडाक्षरं घसरतात. स्कॅनची स्पष्टता तीनशे डीपीआयपेक्षा कमी ठेवू नका.

नेरूळ

वरचं वाचून खूप बरं वाटलं. माझा छोटा प्रश्न: आईच्या लॅपटॉपवर मिंट आहे, त्यातला टाइमशिफ्ट हा प्रती ठेवणारा प्रोग्राम रोज चालतो. म्हणजे तिचे फोटो सुरक्षित आहेत ना?

चरई (धागा काढणारा)

नाही, ताई. टाइमशिफ्ट प्रणाली जपतं. होम फोल्डरमधल्या फाइली ते आपणहून घेत नाही. अपडेटनंतर काही बिघडलं तर मागे जाण्यासाठी ते आहे. फोटोंसाठी मिंटच्याच मेन्यूत ‘बॅकअप टूल’ आहे, किंवा देजा दूप हा बॅकअपचा प्रोग्राम बसवा, आणि प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्क लॅपटॉपला कायम जोडून ठेवू नका. पहिला बॅकअप झाला की दोन-चार फोटो परत उतरवून उघडतात का तेवढं बघा. अडलं तर इथेच लिहा, मी रात्री बघतो.