मराठी कादंबरीसाठी एजंट कसा गाठायचा?

दादरकर:
कादंबरी तयार आहे, साधारण ७०,००० शब्द. मुंबईत लिटररी एजंट कुठे शोधू? एकाने नुसतं वाचायचेच पैसे मागितलेत.

शाईपेन:
देऊ नका. खरा एजंट वाचनाचे पैसे घेत नाही. तुमच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकून दिलं की तुमच्या मानधनातून कापतो, देशात साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर २०. पण मराठीत ही पद्धत फारशी रुजलेलीच नाही. पॉप्युलर, मौज, ग्रंथाली अशा प्रकाशकांकडे लेखक थेट जातो. इंग्रजी अनुवाद विकायचा असेल तर एजंटचा उपयोग.

कच्चाखर्डा:
मग एजंटला पाठवायच्या मेलमध्ये एक पानी पत्र, शेवटासकट सारांश आणि दोन-तीन प्रकरणांचा इंग्रजी नमुना. सारांशात शेवट झाकायचा नसतो, ते काही मलपृष्ठ नव्हे! मूळ बाड युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे उघडली की नुसती गिचमीड.

शाईपेन:
प्रकाशकाशी करारात अनुवाद, ऑडिओ, चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. हक्कांची मुदत लिहिली नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर पेन खाली ठेवा.